नामदेवांच्या गावाला, तिसऱ्या गिअरमध्ये

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होती, पण तिसरी भाषा म्हणून, आणि तीही पास झालो की सुटलो अशा हिशोबाने. संत नामदेव आमच्या पुस्तकात अर्ध्या पानावर होते. जन्म, गाव, आईवडील, दोन मार्कांचा प्रश्न, संपलं! सेंट फ्रान्सिस पक्ष्यांशी बोलायचे हे मला पाठ होतं. प्रवाशांना सांभाळणारे सेंट ख्रिस्तोफरही माहीत होते, कारण आमच्या स्कूल बसच्या आरशाला त्यांचं पदक लटकलेलं असायचं. पण नामदेवांची नर्सी आमच्या साखऱ्यापासून मोटरसायकलवर आरामात जाऊन येण्यासारखी आहे, हे मला विसाव्या वर्षी कळलं. तेसुद्धा घरच्या कुणाकडून नाही, तर हॉस्टेलमधल्या शीख रूममेटकडून.

तो नांदेडचा. मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलतो (हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे). फर्स्ट इयरला ओळख झाली तेव्हा मी सांगितलं की आमचं मूळ गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. बहुतेक लोकांना एवढं सांगितलं तरी काही कळत नाही. १ मे १९९९ पर्यंत तर आमचा जिल्हासुद्धा नव्हता, आम्ही परभणीत होतो. हा मात्र लगेच म्हणाला की म्हणजे तू भगत नामदेवजींच्या गावाजवळचा. मला वाटलं याचा काहीतरी घोळ होतोय. नामदेव पंढरपूरचे, वारकऱ्यांचे, याला काय माहीत? मग त्याने सांगितलं की गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यातली काही तो लहानपणापासून गुरुद्वाऱ्यात ऐकत आलाय. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला एक अभंगसुद्धा पूर्ण येत नव्हता.

तर, दिवाळीच्या सुट्टीत त्याला साखऱ्याला घेऊन गेलो. काकांची जुनी स्प्लेंडर मागितली. टाकीवर अजून हिरो होंडाचं नाव असलेली, म्हणजे वय तुम्हीच ओळखा. काकांनी चावी दिली, पण दोन अटींवर. पेट्रोल आपलं आपण टाकायचं, आणि मागचा टायर गुळगुळीत झालाय म्हणून चाळीसच्या वर न्यायची नाही. आजीने तिसरी अट घातली. ती दरवर्षी आषाढीनंतरच्या परतवारीच्या एकादशीला नर्सीला जायची. पंढरपूरहून परतलेले वारकरी त्या दिवशी तिथे प्रचंड संख्येने येतात. यंदा गुडघ्यांमुळे तिचं जाणं राहिलं होतं. तिने एक नारळ पिशवीत घालून दिला आणि तो नर्सीलाच फोडायचा, औंढ्याला नाही, असं दोनदा बजावलं.

सकाळी निघालो. चाळीसच्या स्पीडला एक फायदा असतो, सगळं दिसतं. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, पिवळ्या फुलांवर आलेली तूर, फुटलेला कापूस, हळदीची रुंद पानं. मध्येच रस्त्यावर वाळत घातलेलं धान्य, मग त्याला वळसा घालून जायचं. एका उतारावर गाडी बंद पडली. आम्ही दोघं मेकॅनिकलचे, थर्ड इयर, आयसी इंजिनचा पेपर दिलेला! पंधरा मिनिटं चर्चा केली. शेवटी बैलगाडीवरून जाणाऱ्या एका आजोबांनी उतरून प्लग काढायला लावला, तो धोतराच्या सोग्याने पुसून परत बसवला, आणि गाडी चालू. असो.

सेनगाव गेलं, आणि हिंगोलीच्या रस्त्याला पुढे नर्सी आली. गावाचं जुनं नाव नर्सी बामणी. आता सगळे नर्सी नामदेवच म्हणतात. कयाधू नदीच्या काठाला मंदिर आहे. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके ११९२ चा, म्हणजे सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशी. देवगिरीला तेव्हा यादवांचं राज्य होतं. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. जन्म नक्की इथलाच की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, आणि काही जण तर कऱ्हाडजवळचं गाव सांगतात. घराण्याचं मूळ नर्सीचं आणि पुढे कुटुंब पंढरपूरला गेलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. मी हिंगोलीचा असल्यामुळे या वादात माझं मत विचारू नका.

नारळ फोडला. रूममेटने डोकं टेकवलं ते माझ्यापेक्षा जास्त वेळ. पंजाबातून हजूर साहिबला आलेले भाविक नर्सीलाही येतात, त्यामुळे त्याच्या पगडीकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. उलट मी जीन्स-गॉगलवाला पाहुणा ठरलो!

पंढरपुरातल्या लहानग्या नामदेवांची नैवेद्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. वडील परगावी गेले म्हणून आईने मुलाला नैवेद्य घेऊन देवळात पाठवलं. मुलाला वाटलं देव खरंच जेवतो. देव जेवेना, तेव्हा त्याने रडून आकांत केला, डोकं आपटून घ्यायला निघाला, आणि विठ्ठल जेवला. मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा मुलाचा स्वभाव महत्त्वाचा वाटतो. ज्याचा देव त्याच्या हातून जेवतो, त्याला त्या देवापासून दूर जाणं किती अवघड असेल!

आणि अवघडच गेलं. मोठे झाल्यावर ज्ञानेश्वर त्यांना तीर्थयात्रेला घेऊन निघाले. ज्ञानेश्वर वयाने पाच वर्षांनी लहान, परंपरेप्रमाणे जन्म १२७५ चा. या यात्रेचं वर्णन नामदेवांनीच तीर्थावळीच्या अभंगांत केलंय. काशी, प्रयाग सगळं पाहिलं, पण यांचं लक्ष पंढरपुरात. हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात आपलं होतं ना, तसं. मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागली तेव्हाची गोष्ट प्रसिद्ध आहे. विहिरीचं पाणी खोल होतं. ज्ञानेश्वर योगाच्या बळाने सूक्ष्म होऊन खाली उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांना असलं काही येत नव्हतं. ते काठावर बसून विठ्ठलाला हाका मारत राहिले, आणि विहीरच भरून वर आली म्हणे. गोष्ट सांगणाऱ्यांनी इथे नामदेवांना जिंकवलंय. पुढच्या गोष्टीत मात्र त्यांची चांगलीच जिरवली आहे.

ती गोष्ट तेरची, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली. गोरोबा कुंभारांच्या घरी सगळे संत जमले होते. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं दाखवून हे काय म्हणून विचारलं. याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं, असं गोरोबांनी सांगितलं. मग आमची पण परीक्षा घ्या, असं ठरलं. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. निकाल लगेच जाहीर झाला, हे मडकं कच्चं! ज्याला देव रोज भेटतो त्याला सगळ्यांसमोर नापास केलं. व्हायवामध्ये टॉपरलाच एक्स्टर्नलने उभं करून ठेवावं, अगदी तसं. आणि यांचं वय तेव्हा विशी-पंचविशीचं, जवळपास आपल्याच वयाचं.

विठ्ठलाकडे रडत गेले तर त्यानेही सांगितलं की तुला गुरू हवा, औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा. कच्चं मडकं भाजायला गेलं ते औंढ्याला. आमची गाडीसुद्धा आता तिकडेच निघाली होती.

नर्सीहून औंढ्याला आम्ही मुद्दाम आतल्या रस्त्यांनी गेलो, विचारत विचारत. दोनदा चुकलो. एकदा रस्ता थेट एका शेतात जाऊन संपला आणि आखाड्यावरच्या बाईंनी आधी पाणी दिलं, मग रस्ता सांगितला. नामदेव याच मुलुखातून चालत गेले असतील, असं रूममेट मागून म्हणाला. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपण ज्याला भटकायला जाणं म्हणतो, ते त्यांनी आयुष्यभर केलं. पायांनी.

औंढा नागनाथाचं मंदिर लांबूनच दोन रंगांचं दिसतं. खालचा भाग काळ्या दगडाचा, कोरीव, हेमाडपंती. वरचा भाग नंतरचा, अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतला असं सांगतात. लिंग जमिनीखालच्या छोट्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या, अगदी अंग चोरून उतरावं लागतं. माझा उंच रूममेट पगडी सांभाळत कसा उतरला ते त्यालाच माहीत.

नामदेव इथे आले तेव्हा त्यांना काय दिसलं? एक म्हातारा माणूस शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला. नामदेवांनी संतापून पाय काढायला सांगितलं. म्हातारा म्हणाला, माझ्या अंगात त्राण नाही, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे लिंग उगवायला लागलं. हेच विसोबा खेचर.

मी हे वाचलेलं पायऱ्यांवर बसून सांगत होतो, तर रूममेट हसायला लागला. त्यांच्याकडे जनमसाखीत अगदी अशीच गोष्ट आहे, पण गुरू नानकांची, मक्केतली. नानक काबाकडे पाय करून झोपले, कुणीतरी रागावलं, आणि पाय वळवतील तिकडे काबा वळायला लागला. नानकांचा जन्म १४६९ चा, म्हणजे दोघांत दोनशे वर्षांचं अंतर. कुठली गोष्ट कुठून कुठे गेली हे आम्ही दोघं काय सांगणार! पण दोघांच्या आज्यांनी एकच गोष्ट सांगावी याची मजा वाटली.

औंढ्याची दुसरी गोष्ट कडू आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. शिंप्याने इथे उभं राहायचं नाही म्हणून त्यांना हाकलून लावलं. ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळ फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. औंढ्यात नंदी मागच्या बाजूला आहे तो त्यामुळेच, असं गावातले लोक सांगतात. रूममेटला ही गोष्ट आमच्यापेक्षा आधीपासून माहीत होती. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांचं जे पद आहे, त्यात हाकलून दिल्याचं आणि देऊळ फिरल्याचं त्यांनी स्वतः सांगितलंय. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा अपमान त्याने लहानपणी चालीवर ऐकला होता. आणि मी? मी या जिल्ह्याचा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नामदेव आधी दरोडेखोर होते आणि औंढ्याच्या देवळात एका विधवेचं रडणं ऐकून बदलले, असंही काही जुन्या पुस्तकांत आहे. बऱ्याच अभ्यासकांना ते मान्य नाही. मलाही नैवेद्यासाठी रडणाऱ्या मुलाशी ते जुळत नाही असं वाटतं, पण हा काही पुरावा नाही.

विसोबांकडून नामदेव शिकले ते एवढंच की देव एका दगडापुरता नाही. ऐकायला सोपं आहे. पण ज्याच्यासाठी देव म्हणजे पंढरपूरची ती एकच विटेवरची मूर्ती, त्याच्यासाठी हे काय असेल? मला वाटतं, पंढरपूर सोडून लांब जायची ताकद त्यांना औंढ्याला मिळाली. विठ्ठल सगळीकडे असेल तर मग कुठेही जाता येतं.

(औंढ्याजवळच लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे, तिला केंद्र सरकारची मंजुरी २०२३ मध्ये मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनपेक्षा हजारो पटींनी लहान हालचाल! जागा पाहायची फार इच्छा होती, पण उशीर झाला असता आणि काकांच्या गाडीचा हेडलाइट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

१२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेव तिथे होते. समाधीचे त्यांचे अभंग हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे अभंग मानले जातात, म्हणून त्यांना मराठीतले पहिले चरित्रकार म्हणतात. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. सोबतीही गेले आणि मुलूखही बदलायला लागला.

मग कधीतरी ते उत्तरेकडे निघाले. पंजाबात, आजच्या गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला पोचले आणि तिथे कित्येक वर्षं राहिले. मी नकाशा काढून पाहिला. पंढरपूर आणि घुमान जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, एक खाली, एक वर. सरळ रेषेतच अंतर पंधराशे किलोमीटरच्या वर जातं. रोज पंचवीस किलोमीटर न थांबता चाललं तरी दोन महिने! तिथे त्यांनी तिथल्या लोकांच्या भाषेत पदं केली. नव्या राज्यात जाऊन आपल्याला चहा मागता येत नाही, यांनी तिथे कीर्तन केलं.

पण मागे घर होतं. बायको राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही चार मुलं, मुलगी लिंबाई, आई गोणाई, आणि गंगाखेडहून आलेली, स्वतःला नामयाची दासी म्हणवणारी जनाबाई. घरात खायची भ्रांत. गोणाई विठ्ठलाशी भांडते, तू माझा मुलगा पळवलास म्हणते. राजाई रखुमाईकडे तक्रार करते. ही भांडणं अभंगांतच आहेत. परिसा भागवतांच्या बायकोने राजाईला परीस दिला होता, लोखंडाचं सोनं करणारा, तर नामदेवांनी तो चंद्रभागेत फेकून दिला! पुढे त्यांनी नदीतून मूठभर खडे काढले आणि ते सगळेच परीस निघाले, अशी गोष्ट आहे. तरी माझी सहानुभूती राजाईलाच. तिने त्या दिवशी चूल कशी पेटवली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मात्र एका प्रवासासाठी मी त्यांना सगळं माफ करतो. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा आणि बरेच मजूर गाडले गेले. परंपरा सन १३३८ सांगते. नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यातली हाडं एकेक कानाला लावून पाहिली, ज्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि पंढरपूरला आणली. ज्या देवळात चोखोबांना जिवंतपणी पाऊल ठेवू दिलं नाही, त्याच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. औंढ्याला देवळामागे ढकलले गेलेले नामदेव तो ढिगारा उपसायला गेले, यात मला नवल वाटत नाही.

त्यांनी शतकोटी अभंगांचा पण केला होता म्हणतात. आम्ही चहाच्या टपरीवर कॅल्क्युलेटर काढला. ऐंशी वर्षांचं आयुष्य, म्हणजे जन्मल्यापासून रोज साधारण ३४,०००. आपल्या जर्नल सबमिशनला बरं म्हणायचं! आज गाथेत अडीच हजारांच्या आसपास अभंग आहेत, आणि त्यातले काही नंतरच्या दुसऱ्या नामदेवांचेही असावेत. उरलेला पण पूर्ण कर, असं नामदेवांनी विठ्ठलासोबत स्वप्नात येऊन तीनशे वर्षांनंतर तुकारामांना सांगितलं.

सन १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला, त्यांनी पंढरपुरात देवळाच्या पायरीखाली समाधी घेतली, येणाऱ्या भक्तांच्या पायाची धूळ लागावी म्हणून. पंजाबात मात्र ते घुमानलाच गेले असं मानतात आणि तिथेही समाधी आहे. टपरीवर आमचा यावर पाच मिनिटं वाद झाला. तो हटेना, मीही हटेना. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तर घुमानलाच झालं होतं.

परत येताना ऊन उतरलं होतं. रूममेट गाडी चालवत होता, मी मागे. तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याला वाटत होती की मला माहीतच असेल. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी अमृतसरला ग्रंथाचं संपादन केलं, त्यात नामदेवांची पदं घेतली. आणि १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंगांनी त्या ग्रंथालाच गुरूपद दिलं ते नांदेडला, गोदावरीच्या काठी. म्हणजे कयाधूच्या काठचा शिंपी पायी पंजाबला गेला आणि त्याची पदं साडेतीनशे वर्षांनी परत आली, त्याच्या गावापासून शंभरेक किलोमीटरवर. मी कित्येकदा नांदेडला गेलोय. हजूर साहिबच्या लंगरमध्ये जेवलोय. आत ग्रंथातून जे ऐकू यायचं, त्यात आमच्या शेजारच्या गावचा माणूस असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

साखऱ्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकांनी आधी टायर पाहिला, मग आम्हाला. आजीने नारळाचा प्रसाद कपाळाला लावला आणि नदीला पाणी किती होतं ते विचारलं. मी सांगून टाकलं की याला नामदेवांचं पद येतं. तो लाजला, मग ओसरीवर बसून डोळे मिटून म्हणाला. भाषा आजीला कळत नव्हती, पण मध्ये विठ्ठलाचं नाव येतं, बीठल असं. पहिल्यांदा आलं तेव्हा ती थबकली. दुसऱ्यांदा आलं तेव्हा तिने हात जोडले. झाल्यावर म्हणाली की पुन्हा म्हण, आणि या वेळी गुडघ्यावर हाताने ठेका धरून बसली.